खोक्यावरचा वेग आणि टेबलावरचा वेग

लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेला गिगाहर्ट्झचा आकडा खोटा नसतो. तरीही लॅपटॉप घेणाऱ्या बहुतेकांना तो आकडा पडद्यावर क्वचितच दिसतो, आणि दिसलाच तर क्षणभर. ‘चार गिगाहर्ट्झचा म्हणून घेतला, पण टास्क मॅनेजरमध्ये अडीचच दिसतात, मशीनमध्ये काही बिघाड आहे का?’ हा प्रश्न दुरुस्तीच्या दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये आणि घरातल्या ‘कॉम्प्युटर कळणाऱ्या’ भाच्याला वर्षानुवर्षे विचारला जातो आहे. उत्तरेही ठरलेली आहेत: व्हायरस असेल, रॅम वाढवा, विंडोज पुन्हा टाका, नाहीतर कंपनीच फसवते. या प्रश्नापुरती ही चारही उत्तरे बहुतेक वेळा चुकीची असतात. नीट उत्तर द्यायचे तर थोडे विजेचे गणित, थोडा इतिहास आणि थोडी बाजाराची रीत समजून घ्यावी लागते. त्यासाठीच हे पुस्तक आहे. त्या उत्तराचा सांगाडा तेवढा या प्रस्तावनेत मांडतो.

खोक्यावरचा आकडा प्रोसेसरचा असतो, प्रत्यक्ष मिळणारा वेग लॅपटॉपचा. चिप कुठवर धावू शकते ते चिप बनवणारी कंपनी सांगते. ती तिथे किती वेळ टिकेल हे मात्र लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेले असते: बॉडी किती जाड ठेवायची, आत तांबे किती घालायचे, पंखा केवढा बसवायचा आणि चिपला सतत किती वॅट वापरू द्यायचे. यातला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच खोक्यावर छापलेला नसतो.

एक चिप जवळून पाहू. इंटेलने ऑगस्ट २०१७ मध्ये आणलेला कोअर आय७-८५५०यू हा चार कोअरचा प्रोसेसर त्या काळच्या असंख्य पातळ लॅपटॉपमध्ये बसला. त्याच्या माहितीपत्रकात दोन वेग दिलेले आहेत: बेस १.८ गिगाहर्ट्झ आणि कमाल टर्बो ४.० गिगाहर्ट्झ. सोबत १५ वॅट हा तिसरा आकडा. आता अशा लॅपटॉपवर लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ लहान आकारात रूपांतरित करायला लावा आणि टास्क मॅनेजरमधला ‘परफॉर्मन्स’ विभाग उघडून बसा. सुरुवातीला वेग तीनच्या बराच वर दिसतो. थोड्याच वेळात पंख्याचा आवाज चढतो, आकडा उतरू लागतो आणि साधारण अडीचच्या आसपास येऊन स्थिरावतो. चार एकदाही दिसत नाही, आणि तरी मशीन ठणठणीत असते.

असे का, याची पहिली पायरी सोपी आहे. चार गिगाहर्ट्झ हा वेग एक किंवा दोनच कोअर कामात असतानाचा आहे. चारही कोअर जुंपले की याच चिपची कमाल मर्यादा ३.७ वर येते. व्हिडिओचे रूपांतर चारही कोअर वापरते, म्हणजे चारचा आकडा पहिल्या क्षणापासूनच शर्यतीत नसतो. एखादे काम एकाच कोअरवर चालणारे असले तरी टास्क मॅनेजर सगळ्या कोअरचा मिळून एकच आकडा दाखवतो, त्यामुळे एका कोअरने क्षणभर गाठलेले शिखर त्यात दबून जाते. शिवाय चिपचा वेग म्हणजे साधारण १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याचा गुणाकार असतो. तो ठोका ९९.८ असेल तर चाळीस पटीने ३.९९ येतात. हा फरक पाहून कोणी काळजी करण्याचे कारण नाही.

पुढची पायरी विजेची आहे, आणि खरी मेख तिथे आहे. डिजिटल चिपमधला विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतोच, पण त्याहून जास्त तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, कारण ट्रान्झिस्टरला तेवढ्या कमी वेळात आपली अवस्था बदलायची असते. समजा वेग तीस टक्क्यांनी वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज पंचवीस टक्क्यांनी वाढवावे लागले. हिशेब होतो १.३ गुणिले १.२५ गुणिले १.२५, म्हणजे दोनच्या किंचित वर. तीस टक्के वेगासाठी दुप्पट वीज. हेच गणित उलटे वाचले की दिलासाही मिळतो: वीज निम्मी केली तरी वेग निम्मा होत नाही, साधारण पाऊण उरतो. माथ्यावरचे शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ सगळ्यात महागडे असतात. प्रोसेसर दमला की पहिल्यांदा तेच सोडून देतो, हे शहाणपणाचेच आहे.

चिपने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. म्हणून ‘१५ वॅट’ हा आकडा विजेचा जितका, तितकाच लॅपटॉपला सतत बाहेर टाकाव्या लागणाऱ्या उष्णतेचाही आहे. मग सुरुवातीची काही सेकंदे वेग इतका वर कसा जातो? सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. महापालिकेचे पाणी बारीक धारेने येते, पण टाकी भरलेली असेल तर नळ पूर्ण सोडता येतो. टाकी रिकामी झाली की जेवढे वरून येते तेवढ्यावरच भागवायचे. इंटेलच्या भाषेत ती बारीक धार म्हणजे पीएल१, पूर्ण सोडलेला नळ म्हणजे पीएल२ आणि टाकी साधारण किती वेळ पुरेल ते सांगणारा आकडा म्हणजे टाऊ. कित्येक लॅपटॉप चिपसाठी टाऊची शिफारस २८ सेकंदांची असते. चिप गेल्या काही सेकंदांतल्या वीजवापराची सरासरी सतत काढत असते. तुम्ही नुसते वाचत बसला असाल तर सरासरी खाली राहते आणि खर्चाला वाव साठतो. एखादे पान उघडले, फाइल सेव्ह केली की तो वाव वापरून चिप उसळी घेते आणि पुन्हा शांत होते. सलग अर्धा तास कामाला जुंपली की साठा पहिल्या मिनिटातच संपतो.

ही रचना लॅपटॉप कंपन्यांनी अलीकडे शोधलेली पळवाट नाही. जानेवारी २००० मध्ये इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये स्पीडस्टेप आणले. त्यातला ६५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झने चालत असे. म्हणजे छापील वेग आणि प्रत्यक्ष वेग यांच्यातली फारकत लॅपटॉपच्या बाबतीत चांगली पाव शतकाची आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये एएमडी आणि दोनच दिवसांनी इंटेल यांनी एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला, आणि मोठा आकडा म्हणजे चांगला संगणक हे समीकरण ग्राहकाच्या मनात पक्के बसले.

त्या समीकरणामागे एक भौतिक आधारही होता. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान करत नेला आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज कमी केले, तर तेवढ्याच जागेत अधिक आणि वेगवान ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णतेची घनता वाढत नाही. तीस वर्षे उद्योग या नियमावर चालला. २००४ च्या सुमारास तो आटला. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणे अवघड झाले. इंटेलचा पेंटियम ४ नोव्हेंबर २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला आणि तिथेच थांबला. जाहीर केलेला चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर त्याच्या महिनाभर आधीच रद्द झाला होता, आणि कंपनीचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर गमतीने गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली होती. गंमत बाजूला ठेवली तर तो प्रसंग एका युगाचा शेवट होता. तिथून पुढे वेग वाढवण्याऐवजी कोअर वाढवणे सुरू झाले.

कोअर वाढल्यावर नवाच प्रश्न आला. चार कोअरसाठी विजेची जी मर्यादा ठेवली, ती एकच कोअर काम करत असताना बरीचशी वाया जाते. मग उरलेली वीज त्या एका कोअरला देऊन त्याला जास्त का पळवू नये? नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलने नेहालेम पिढीत टर्बो बूस्ट आणले ते या विचारातून, आणि २००९ मध्ये ते लॅपटॉपमध्येही आले. कल्पना उत्तमच होती. बाजारात मात्र तिचा एक परिणाम झाला: एका प्रोसेसरला दोन वेग आले, आणि जाहिरातीत अर्थातच मोठा छापला जाऊ लागला.

ही दोन टोके कशी लांबत गेली ते पाहण्यासारखे आहे. २०१० चा कोअर आय७-६२०एम: बेस २.६६, टर्बो ३.३३, विजेची मर्यादा ३५ वॅट. २०१७ चा आय७-८५५०यू: बेस १.८, टर्बो ४.०, १५ वॅट. २०२३ चा आय७-१३५५यू: मोठ्या कोअरचा बेस १.७, टर्बो ५.०, बेसला १५ वॅट, टर्बोला कमाल ५५ वॅट. पहिल्यात टर्बो बेसच्या सव्वापट होता, दुसऱ्यात सव्वादोन पट, तिसऱ्यात जवळजवळ तिप्पट. शेवटच्या चिपचे वॅट बघा. ती शिखरावर जाते तेव्हा तिला टिकाऊ मर्यादेच्या साडेतीन पटींहून जास्त वीज घेण्याची मुभा आहे. दीड सेंटिमीटर जाडीच्या लॅपटॉपमधून ५५ वॅट सतत बाहेर टाकणे शक्य असते, तर तो आकडा ‘कमाल’ म्हणून वेगळा लिहावाच लागला नसता. एक गोष्ट इंटेलच्या बाजूने सांगायला हवी: २०२१ अखेरच्या बाराव्या पिढीपासून कंपनीने बेस आणि टर्बो हे दोन्ही वॅट माहितीपत्रकात स्पष्ट द्यायला सुरुवात केली. ते पत्रक दुकानात कोणी दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी.

एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप सारखे का चालत नाहीत, हेही आता कळेल. पीएल१ किती ठेवायचा हे लॅपटॉप कंपनी ठरवते. आय७-८५५०यू पातळ बॉडीत १५ वॅटवर, किंवा त्याहूनही कमीवर बांधता येतो. जाड बॉडीत त्यालाच २५ वॅट देता येतात. स्टिकर दोन्हींवर तोच. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आणली, तेव्हा तीच चिप पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्येही होती आणि पंखा असलेल्या तेरा इंची मॅकबुक प्रोमध्येही. छोट्या कामांत दोन्ही बरोबरीने पळतात, लांबलचक कामात एअर मागे पडतो. ॲपल आपल्या या चिपचा गिगाहर्ट्झ जाहिरातीत सांगतच नाही. त्यामुळे तुलना अवघड होते, पण निदान चुकीच्या आकड्यावर भांडण तरी होत नाही.

आता तापमानाकडे येऊ. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची सहनशक्ती १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठरवलेली असते. तिथे पोहोचताच चिप स्वतःच वेग उतरवते. यालाच ‘थ्रॉटल होणे’ म्हणतात. वॅटची मर्यादा ही नियोजनाची बाब, तर हा शेवटचा बचाव. उष्णता बाहेर जाण्याचा दर मुख्यतः चिप आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतो, आणि इथे विदर्भातल्या वाचकाचा हिशेब वेगळा लागतो. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत हा फरक ७५ अंशांचा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ पार जातो. तिथल्या ४३ अंशांच्या खोलीत तोच फरक ५७ वर येतो. जी व्यवस्था थंड खोलीत ३० वॅट बाहेर टाकत होती, ती इथे साधारण २३ वॅटच टाकू शकेल. लॅपटॉप तोच, प्रोसेसर तोच, आणि उन्हाळ्यात तो ‘स्लो’ झाल्याची तक्रार अगदी खरी. त्यातच तो गादीवर किंवा उशीवर ठेवला की खालच्या जाळीतून हवा आत येणे बंद होते. हीटसिंकच्या पात्यांत दोन-तीन वर्षांची धूळ नमद्यासारखी बसली असेल आणि चिपवरची थर्मल पेस्ट वाळली असेल, तर थंड खोलीही फारशी मदत करत नाही.

कधी कधी दोष धातूत नसतो, आज्ञावलीत असतो. जुलै २०१८ मध्ये ॲपलने पंधरा इंची मॅकबुक प्रोमध्ये सहा कोअरचा कोअर आय९ दिला: बेस २.९, कमाल ४.८ गिगाहर्ट्झ. काही दिवसांतच परीक्षकांना दिसले की व्हिडिओ निर्यात करताना तो बेसच्याही खाली घसरतो. २४ जुलैला ॲपलने चूक मान्य केली. उष्णता सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये एक डिजिटल की राहून गेली होती. अद्ययावत आवृत्ती टाकल्यावर त्याच यंत्राची कामगिरी सुधारली. चिप, पंखा, तांबे, काहीही बदलले नव्हते. छापलेल्या आकड्याला फर्मवेअरही पाठीशी असावे लागते, हे त्या आठवड्यात जगाला कळले.

म्हणून निदान करताना नुसता गिगाहर्ट्झ बघून चालत नाही. वेग, तापमान आणि वॅट हे तीन आकडे एकत्र वाचावे लागतात. एचडब्ल्यूइन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम ते एकाच खिडकीत दाखवतो. दहा मिनिटे सलग काम देऊन बघा. तापमान ९५ ते १०० आणि वॅट घसरत चाललेले, असे चित्र असेल तर दोष थंड करण्याच्या व्यवस्थेत आहे. धूळ काढणे आणि पेस्ट बदलणे उपयोगी पडेल. तापमान ७५ आणि वॅट १५ वर खिळ्यासारखे ठोकलेले, असे असेल तर कंपनीने ठेवलेली मर्यादा काम करते आहे. इथे पेस्ट बदलून तापमान पाच-सात अंश उतरेल, वेग मात्र जवळपास तिथेच राहील. सर्व्हिसिंगचे पैसे देऊनही फरक पडला नाही अशी तक्रार येते ती बहुधा या जातीची. विंडोजमधला पॉवर मोड आणि कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला ‘परफॉर्मन्स’ पर्याय आधी तपासावा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये पीएल१ त्यानुसार बदलतो. तिसरे चित्र सगळ्यात फसवे: तापमान जेमतेम ५० आणि वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलेला. इथे प्रोसेसर गरम नसतो. त्याला दुसऱ्याच एखाद्या भागाकडून ‘थांब’ असा इशारा मिळालेला असतो. कमी वॅटचा किंवा ओळख न पटलेला चार्जर हे त्याचे नेहमीचे कारण. अशा मशीनमध्ये रॅम वाढवणे आणि विंडोज पुन्हा टाकणे म्हणजे पैसा आणि रविवार दोन्ही वाया घालवणे.

या सगळ्यावरून टर्बो म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी असा निष्कर्ष कोणी काढू नये. आपली रोजची बहुतेक कामे तुकड्यातुकड्यांची असतात. पान उघडणे, एक्सेलमधला हिशेब पुन्हा मांडणे, फोटो कापणे ही कामे दोन-चार सेकंदांत उरकतात आणि तेवढा वेळ चिप खरोखरच शिखराजवळ धावते. अशा वापरासाठी पातळ, हलका, कमी वॅटचा लॅपटॉप ही तडजोड नसून योग्य निवड आहे. व्हिडिओ संपादन, रेंडरिंग, मोठ्या प्रोग्रामचे कंपायलिंग आणि गेम हा वर्ग निराळा. तिथे काम तासन् तास सलग चालते. गेममध्ये तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बहुधा एकाच हीटपाइपवर उष्णता ओततात. अशा वापरकर्त्याला टर्बोचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याला अर्ध्या तासानंतर टिकून राहणारा वेग कळायला हवा. शिवाय गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीपुरती ठेवावी. आजचा अडीच गिगाहर्ट्झवर चालणारा एक कोअर २००४ च्या ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला सहज मागे टाकतो, कारण प्रत्येक ठोक्याला तो कितीतरी जास्त काम करतो.

हे पुस्तक अभियंत्यांसाठी नाही. लॅपटॉप घेणारे पालक आणि विद्यार्थी, तो दुरुस्त करणारे कारागीर आणि त्यावर पोट असलेले संपादक, छायाचित्रकार, प्रोग्रामर यांच्यासाठी ते आहे. शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडचे गणित त्यात नाही. विजेची मर्यादा, उष्णतेचा प्रवास, फर्मवेअर आणि निदान या क्रमाने प्रकरणे येतात, पण ज्यांचे मशीन आजच रखडते आहे त्यांनी निदानाचे प्रकरण आधी वाचायला हरकत नाही. सेटिंग ढिली करून वेग उकळण्याच्या युक्त्या मात्र जपून वापराव्यात. कंपनीने लावलेला लगाम दर वेळी कंजूषपणाचा नसतो. बॅटरी, चार्जर आणि मांडीची कातडी यांचाही विचार त्यात असतो.

माझ्या मते या प्रकरणात फसवणूक कमी आणि मौन जास्त आहे. पंख्यावर आणि फ्रिजवर विजेचा खप छापावा लागतो. पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपवर मात्र तो प्रोसेसरला सतत किती वॅट देतो हे कुठेही लिहिलेले नसते. ते खोक्यावर यायला हवे, आणि ग्राहकांनी विचारल्याशिवाय ते येणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की ‘किती गिगाहर्ट्झ?’ हा प्रश्न विचारू नका, तो छापलेलाच असतो. ‘अर्धा तास सलग चालवला तर प्रोसेसरला किती वॅट मिळतात?’ असे विचारा. विक्रेत्याला सांगता आले नाही, तर त्या मॉडेलची दीर्घ चाचणी वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.